कमरेला बांधलेली मुळी

धान कांडायच्या लहान गिरणीला आमच्याकडे हॉलर म्हणतात. गावातला एक हॉलर आमचा आहे. नवरा शेत बघतो, हॉलर मी चालवते. चाळिशी लागायच्या आतच मला मूळव्याध झाली, ती तिथेच. दिवसभर लाकडी स्टुलावर बसणं, समोर तापलेलं मशीन, नाकातोंडात कोंडा. पाणी पीत नव्हते, कारण प्यायलं की घरी जावं लागायचं, आणि घरी गेलं की मागे पोती घेऊन उभे असलेले लोक आरडाओरडा करायचे. जेवण म्हणजे सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात. सोबत वरण असलं तर असलं, नाहीतर मिरचीचा ठेचा किंवा सुक्या मासोळीचं कालवण.

रक्त दिसलं तशी मी गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात गेले. एका तरुण सर्जनने तपासलं. तपासताना लाज वाटली, पण ती थोडा वेळ टिकली. दुखणं त्याआधी कितीतरी महिने टिकलं होतं. रक्त मूळव्याधीचंच आहे की आणखी कशाचं, हे डॉक्टरने पाहिल्याशिवाय ठरवायचं नाही, असं त्याने आधी बजावलं. मग म्हणाला, कापायची घाई नाही, खाणं आणि बसणं बदला. संडासला जोर लावायचा नाही. लागली की उठायचं, कामासाठी दाबून धरायची नाही. आत मोबाइल घेऊन बसायचं नाही. पाणी भरपूर, पालेभाजी रोज, दुखलं तर टबात कोमट पाणी घेऊन त्यात बसायचं. इतकंच. औषधाची चिठ्ठी त्याच्या बोलण्यापेक्षा लहान होती.

मी तसं केलं आणि मला बरं वाटलं. हॉलरच्या मागे टिनाचा संडास बांधून घेतला. ओरडणाऱ्यांना ओरडू दिलं. घरचा तांदूळ एकाच फेरीत काढायला लागले, म्हणजे त्यावरचा कोंडा बराचसा तसाच राहतो. तो लालसर भात घरात पहिले काही दिवस कोणी तोंडात घालेना. गावाचं तर विचारूच नका. "पांढरा काढ वो, दुधावानी," असं सांगतच बायका पोतं टाकतात. ज्या कोंड्याने पोट साफ राहतं तो मी मशीनने काढते आणि त्या तो घरी नेऊन म्हशीला घालतात. आमच्या गावात म्हशींना मूळव्याध नाही.

माझी मोठी जाऊ शेजारच्याच घरात राहते. अंगण एक, चुली दोन. ती रोवण्याच्या टोळीची मुख्य होती. रोवणा आमच्याकडे गुत्त्यावर होतो, म्हणजे टोळीने एकेका शेताचं काम अंगावर घ्यायचं आणि जमेल तितक्या लवकर उरकायचं. बायका चिखलात ओळीने उभ्या राहून, वाकून, मागे सरकत सरकत रोपं लावतात. एक उठून गेली की ओळीत भोक पडतं आणि तिच्या दोन्ही बाजूच्यांना ते भरावं लागतं. म्हणून जावेच्या टोळीत दुपारच्या जेवणापर्यंत पाणी प्यायचं नाही असा नियम होता. प्यायलंच नाही तर उठावंही लागत नाही. तिच्या टोळीला दूरच्या गावांतून बोलावणं यायचं ते या नियमामुळे.

हॉलरला काम नसे तेव्हा मीही त्या ओळीत जायची. मूळव्याधीनंतरच्या पावसाळ्यात मी पाण्याची बाटली घेऊन गेले आणि सकाळीच पळसाच्या झुडपामागे जाऊन आले. परत चिखलात उतरले तशी जाऊ ओळीच्या टोकावरून ओरडली, "काऊन वो, पुन्हा गेली? तुह्या बुडाले का आग लागून रायली?"

"हो," मी म्हटलं. "मूळव्याध आहे मले."

वाकलेल्या बायकांनी माना वर केल्या. मग जाऊ म्हणाली, "मंग गादी आणाची होती बापा बांधीत!" आणि बांधीभर, म्हणजे त्या अख्ख्या खाचरभर, हसू पसरलं. त्या दिवसापासून टोळीत माझं नाव गादीवाली पडलं. लग्नातसुद्धा बायका विचारायच्या, गादीवाली आली का? मला त्याचं काही वाटलं नाही. मला बरं वाटत होतं, आणि हसणाऱ्या बायकांपैकी निम्म्या एका कुल्ल्यावर बसतात हे मला दिसत होतं.

नंतर काही वर्षांनी जाऊ सारखी बाजूला बसायला लागली. आमच्या घरांत पाळी आली की बाई अजून बाजूला बसते. चुलीला हात लावत नाही, देवाकडे जात नाही, तिचं ताट-लोटा वेगळा. जाऊ पन्नाशीला टेकली होती. लोक म्हणायचे, जायच्या वयात असंच होते, कधी महिन्यातून दोनदा, कधी आठ-आठ दिवस. कोणी जास्त विचारत नाही. पाळीचं रक्त आमच्याकडे विटाळाचं असलं तरी हसण्याचं नाही. त्याला जागा आहे, नियम आहे, वेगळी चटई आहे.

पण मी रोज तिला अंगणात बघत होते. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, दिवसांत पाहुणे आले, दोन दिवस कोंबड्याचा तिखट रस्सा आणि पांढरा भात झाला, की तिसऱ्या दिवशी ती बाजूला. रोवणा संपला की बाजूला. तरोट्याची भाजी निघायची तेव्हा, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला, तिची चटई गुंडाळलेली असायची. आणि ती ओट्यावर बसायची ती एक मांडी उचलून, हात टेकवून. ते बसणं मी कुठेही ओळखीन.

एकदा नळावर दोघीच होतो. मी म्हटलं, "बाई, हे पाळीचं नाही."

"मंग कायचं आहे?"

"तुमाले माहीत आहे. चला माह्यासंग दवाखान्यात. तिथं कोणी हसत नाही."

तिने हंडा उचलला. उचलताना तिचा श्वास लागला, तो मी ऐकला. म्हणाली, "तू गादीवाली झाली म्हणून सारं गाव गादीवालं होत नाही. तू आपलं हॉलर पाह्य."

तिच्या डोळ्याच्या खालची पापणी आतून कागदासारखी पांढरी होती. आता हे घरात सांगायला हवं होतं, आणि सांगायचं ते तिच्या नवऱ्याला, म्हणजे माझ्या भासऱ्यांना. इथे अडचण होती. आमच्याकडे धाकटी सून भासऱ्यांशी सरळ बोलत नाही. डोक्यावर पदर घेऊन बाजूने जाते, आणि काही सांगायचं असलं तर मोठ्या जावेमार्फत सांगते. इतकी वर्षं त्या घरात काढली, पण भासऱ्यांना मला जे जे सांगायचं होतं ते सगळं जावेच्या तोंडून गेलं होतं. तिच्याचबद्दल सांगायचं, तर ते कोणाच्या तोंडून?

मी नवऱ्याला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. "वहिनीच्या बुडाची गोष्ट मी दादाले सांगू? पागल झाली का तू?"

त्या पावसाळ्यात, पऱ्हे, म्हणजे रोवण्याची रोपं, उपटताना, जाऊ बांधावर चक्कर येऊन पडली. भासऱ्यांनी तिला गोंदियाला एका खासगी बाईडॉक्टरकडे नेलं. सोबत बाईमाणूस हवं म्हणून मला नेलं. तपासणीच्या खोलीत आम्ही दोघीच आत गेलो. रक्ताची तपासणी आली होती. अंगात रक्त इतकं कमी होतं की मॅडमनी कागद दोनदा वाचला.

"कब से जाता है इतना? पाळी महिन्याला येते की मधे मधे?"

"मधे मधे येते जी," जाऊ म्हणाली.

मी म्हटलं, "मॅडम, हिचं मागून जाते. मूळव्याध आहे. एकदा तपासून पाहा."

मॅडमनी जावेकडे पाहिलं. जावेने माझ्याकडे पाहिलं नाही. "नाही जी. समोरून येते. हिलेच आहे मूळव्याध, त हिले साऱ्याइलेच दिसते."

मॅडम हसल्या. त्या दिवशी रक्त जात नव्हतं, म्हणून मागून तपासायचंही त्यांना कारण वाटलं नाही. मूळव्याधीचं रक्त येतं आणि जातं. सोनोग्राफीत गर्भपिशवीला सूज दिसली आणि एक लहानशी गाठ. तेवढं या वयाच्या बऱ्याच बायकांना निघतं, हे मला नंतर कळलं. मॅडम म्हणाल्या, रक्त चढवून पिशवी काढून टाकू, या वयात तिचं काही काम नाही.

परतताना ऑटोत जाऊ माझ्या बाजूला होती आणि भासरे पुढे ड्रायव्हरजवळ. मी हळू आवाजात म्हटलं, "बाई, ती पिशवी वेगळी, अन् हे वेगळं. तिथं चाकू लावून इथचं रक्त नाही थांबत."

"एकाच जागचं त आहे," ती म्हणाली. "खालचं सारं साफ करून देतात म्हणे. एकदाचं सुटून जाईन."

"कोणं सांगतलं?"

"तुले डॉक्टरीन कोणं केलं?"

मग मला कळलं की ती नुसती लपवत नव्हती. तिला खरंच वाटत होतं की दुसऱ्या नावाने का होईना, आपलं दुखणं कापलं जाईल आणि कोणाला काही सांगावं लागणार नाही. तिच्या डोक्यात हा हिशेब पक्का बसला होता.

सरकारी कार्डावर मंजुरी आली. रक्ताच्या बाटल्या चढल्या, त्यातली एक भासऱ्यांनी स्वतःचं रक्त देऊन आणली होती. ऑपरेशनच्या सकाळी सिस्टरने जावेच्या अंगावरचं सगळं काढलं आणि बाहेर येऊन माझ्या ओंजळीत ठेवलं. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या. आणि एक काळा करदोडा, त्यात लाल फडक्यात शिवलेलं काहीतरी बांधलेलं. मी ते बोटाने चाचपलं. वाळलेली मुळी होती.

ती मुळी मी ओळखत होते. जंगलपट्टीतून बाजाराला येणारी एक बाई ती देते, आणि एकाच दुखण्यासाठी देते. माझ्या सासऱ्यांनाही मूळव्याध होती. मरेपर्यंत त्यांच्या कमरेला तसंच लाल फडकं होतं, आणि त्यांच्या चालण्याची नक्कल सगळ्यात आधी त्यांच्या मोठ्या मुलानेच केली होती.

भासरे जिन्याजवळ बाकावर बसले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. डोक्यावरचा पदर सावरायला हात मोकळा नव्हता.

"भाऊजी, हे पाहा. त्याइच्या कमरेले होतं."

ते आधी माझ्याकडेच बघत राहिले. मग त्यांनी करदोडा घेतला. फडकं दोन बोटांत फिरवलं.

"हे त बाबाच्या कमरेले राहे."

"हो."

"मंग ते बाजूला बसणं?"

"ते पाळीचं नव्हतं. मी मॅडमले सांगतलं होतं. त्याइनं नाही म्हटलं."

त्यांनी दाराकडे पाहिलं. भूल देणारे डॉक्टर मोटारसायकल लावून मघाशीच आत गेले होते. सगळ्या नातेवाइकांना फोन झाले होते. माझ्या जावेचा भाऊ सौंदडवरून पहाटेच्या गाडीने येऊन खाली चहा पीत होता.

"आता का म्हणू त्याइले?" भासरे म्हणाले. "बायको वापस द्या म्हणू?"

"म्हणा."

"मशीनमधी गाठ दिसली न. डॉक्टर का बेवकूफ आहे?" ते बोलले माझ्याशी, पण आवाज स्वतःला समजावण्याचा होता. "एवढं रक्त चढवलं. आता वापस नेलं त लोक का म्हणतीन?"

मी त्यांच्या हातातून करदोडा परत घेतला आणि जाऊन दार वाजवलं. सिस्टरने फट उघडली. मी म्हटलं, मॅडमना सांगा, पेशंटला मूळव्याध आहे, हे पाहा. तिने माझ्या हातातलं लाल फडकं पाहिलं आणि मी काही मंतरलेलं बांधायला सांगते आहे असं तिला वाटलं. "ताई, ये सब बाहर रखो. पेशंट टेबल पे है, सुई लग गई." दार बंद झालं. मी पुन्हा वाजवलं. मग कोणी उघडलं नाही.

पुढे दार उघडलं तेव्हा स्टीलच्या ट्रेमध्ये ती पिशवी घेऊन सिस्टर बाहेर आली. इथे तशी पद्धत आहे, नातेवाइकांना दाखवतात. भासऱ्यांनी पाहिलं आणि मान हलवली. मीही पाहिलं. मुठीएवढी वस्तू. ती त्या बाईच्या अंगातून गेली आणि दुखणं जिथे होतं तिथेच राहिलं.

ऑपरेशननंतर कोणाचंही पोट बांधलं जातं. पडून राहणं, दुखण्याच्या गोळ्या, त्यात रक्त वाढायला लोहाच्या गोळ्या. लोहाच्या गोळ्यांनी मळ काळा आणि दगडासारखा होतो. घरी आल्यावर बघायला येणाऱ्या बायका पथ्य म्हणून तिला मऊ पांढरा भात आणि तूप द्यायच्या आणि पाणी कमी द्यायच्या, टाके ओले होतात म्हणून. मी भाजी घेऊन जायची, ती बाजूला सारलेली असायची.

मग एका दुपारी तिने मला हाक मारली. घरामागून. भासरे घरात होते, पण तिने त्यांना हाक मारली नाही. मी गेले. ती भिंतीला धरून उभी होती, एका हाताने टाक्यांवर पोट दाबून. खाली फरशीवर रक्त होतं. बरंच होतं.

"आता का सांगू वो?" ती म्हणाली. "आता त पाळीबी नाही रायली."

मी तिला धुतलं, बसवलं आणि सरळ ओसरीवर जाऊन भासऱ्यांना सांगितलं. दुसऱ्यांदा बोलायला काही जड गेलं नाही. ते उठून दारापर्यंत आले आणि भिंतीपलीकडूनच तिला म्हणाले, "पह्यले काऊन नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं त साऱ्याइनं गादीवाली म्हटलं असतं."

"मी म्हटलं असतं का?"

"तुमी सगळ्याइच्या पह्यले."

ते ऑटो आणायला गेले.

सरकारी दवाखान्यात यावेळी नळी घालून तपासलं. आणखी काही नव्हतं, मूळव्याधच होती, जुनी आणि मोठी. पुन्हा कापून घ्यायची ताकद तिच्या अंगात नव्हती. डॉक्टर म्हणाले, आधी रक्त वाढू द्या, लोह गोळीने नको, सुईने देऊ. तोवर खाणं. मला त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि मी म्हटलं, मला माहीत आहे.

मग मी तिच्या चुलीचा ताबा घेतला. विचारलं नाही. एका फेरीचा लाल तांदूळ, तोही एका वेळी. दुसऱ्या वेळी ज्वारीची भाकर. तरोटा वाढून जून झाला होता, म्हणून अंबाडी, लाल माठ, बाजारात मिळेल तो पाला. जवसाची चटणी. लाखोळीचं वरण बंद करून मुगाचं. रात्री इसबगोल कोमट पाण्यातून. उशाला पाण्याचा हंडाच ठेवला. "मी का म्हैस आहो? पाला अन् कोंडा," ती म्हणायची. मी म्हणायची, म्हशीला काही झालं नाही, तुम्हाला झालं. दिवसातून दोनदा टबात बसवायची. ती बसायची, तोंड भिंतीकडे करून. अंगणात फेऱ्या मारायला लावायची. पोटाचे टाके धरून ती चालायची आणि मला शिव्या द्यायची, चांगल्या ठसठशीत. शिव्यांचा आवाज वाढत गेला तसं मला कळलं की रक्त भरतंय.

रक्तस्राव कमी झाला. थांबला असं मी म्हणणार नाही. थोडं बरं वाटल्यावर तिने पहिली गोष्ट मागितली ती म्हणजे तिची मुळी. हॉलरच्या गल्ल्यात पडून होती, ती मी दिली. तिने ती पुन्हा बांधली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना सांगू लागली की गुण मुळीचा आहे. मी वाद घातला नाही. निदान ती मूळव्याध हा शब्द तोंडाने बोलत होती.

यंदा रोवण्याला ती गेली नाही. वाकता येत नाही, वाकलं की पोटात ओढतं. टोळी दुसरीने घेतली. नियम तोच आहे. सकाळी बायका आमच्या अंगणावरून जातात तेव्हा जाऊ ओट्यावरून विचारते, "पाणी घेतलं का वो?" आणि त्या हसतात. "घेऊ बाई, पण मंग बसाले कोठी जावं? बांधीत का गादी आहे?" हे तिचंच बोलणं आहे.

मागच्या आठवड्यात टोळीतली एक जण संध्याकाळी हॉलरवर आली. तिशीची असेल, दोन लेकरांची आई. धान नव्हतं तिच्याजवळ. जाऊ माझ्याजवळच स्टुलावर बसली होती, तिच्यासाठी मी त्यावर खरंच एक उशी ठेवली आहे. त्या पोरीने जावेला हळूच विचारलं, "काकी, तुमची ते मुळी कोणाजवळ भेटते?"

"कोणाले पाहिजे?"

"आहे एकजण." मग मशीनच्या आवाजाचा आडोसा घेऊन म्हणाली, "कोणाले सांगू नोका. मी या महिन्यात तिसऱ्यांदा बाजूला बसली आहो. सासू म्हणते, पिशवी काढून टाकू."

मी मशीन बंद केलं. मला बोलायचं होतं, पण जाऊ आधी बोलली. तिने पोटावरून पदर बाजूला केला, पातळ थोडं खाली सरकवलं आणि टाक्यांची आडवी रेघ त्या पोरीला दाखवली.

"मुळी मंग," ती म्हणाली. "उद्या सकाळच्या बसनं इच्यासंग सरकारी दवाखान्यात जाय. अन् मागून येते त मागून येते म्हण."

पोरगी रडायला लागली. जावेने तिच्या हातात पाण्याचा लोटा दिला आणि ती संपवेपर्यंत तिच्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉलर बंद ठेवला आणि बस थांबते तिथे जाऊन उभी राहिले. बस आली, गेली. पोरगी आली नाही. टोळीतल्या उशिरा निघालेल्या एकीने तिथेच सांगितलं की सासूने तिला पहाटेच ओळीत नेलं, पऱ्हे सुकत होते म्हणून. मी हॉलर उघडला नाही. पाण्याची बाटली घेतली आणि त्या बांधीकडे चालू लागले.